'जीव रंगला' वाजतंय, पण कुणाचा?

लग्नाची दाट तिथी असली की नागापुरात मनमाड रोडला हमखास दोन गाणी कानावर पडतात. बाहेर वरातीत डीजेवर 'लल्लाटी भंडार', आणि आत कार्यालयात एलईडी स्क्रीनवर नवरा-नवरीचा प्री-वेडिंग व्हिडिओ, त्याच्या मागे 'जीव रंगला'. दोन्ही गाणी एकाच पिक्चरची आहेत, माहिती होतं?

पिक्चरचं नाव 'जोगवा', साल 2009. आपण तेव्हा पहिली-दुसरीत असू. दिग्दर्शक राजीव पाटील, संगीत अजय-अतुल, 'जीव रंगला'चे शब्द संजय कृष्णाजी पाटील यांचे. गायलंय हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनी. एक तमिळ, दुसरी बंगाली, तरी गाणं ऐकताना हे कुठे जाणवतं का बघा!

आपल्याकडे एक समज पक्का आहे: जे गाणं वरातीत वाजतं त्याला पुरस्कार मिळत नाही, आणि ज्याला पुरस्कार मिळतो ते कुणी ऐकत नाही. या गाण्यानं तो पार मोडीत काढला. 56 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हरिहरन सर्वोत्कृष्ट गायक ठरले. श्रेया घोषाल सर्वोत्कृष्ट गायिका ठरली, त्यात 'जीव रंगला'सोबत तिचं एक बंगाली गाणंही होतं. अजय-अतुलना संगीताचा आणि नायक उपेंद्र लिमयेला अभिनयाचा पुरस्कार मिळाला. इतकं सगळं एका मराठी पिक्चरला! आणि गाणं तर संथ. नाचता येत नाही, बीट ड्रॉप नाही, तरी इतक्या वर्षांनी ते आपल्या प्लेलिस्टमध्ये आहे.

पण एक गोष्ट मला खटकते. हे गाणं ज्या दोघांचं आहे, त्यांना लग्न करायची परवानगीच नव्हती.

तायप्पा आणि सुली, दोघंही यल्लम्माला सोडलेले. सुलीच्या केसांत जट आली म्हणून ती जोगतीण झाली. तायप्पा जोगत्या, म्हणून अंगावर साडी. पुरुष असून बाईसारखं जगायचं आणि देवीच्या नावानं दारोदार जोगवा मागायचा. त्यांनी एकमेकांवर प्रेम करणं म्हणजे देवीचा कोप ओढवून घेणं, असं सगळ्या गावाचं मत. त्या दोघांचा जीव एकमेकांत रंगतो, ते हे गाणं. आपण मात्र त्यावर ड्रोन शॉट लावतो आणि धुराच्या नळकांड्या उडवतो.

कुणी म्हणेल, त्यात काय झालं, गाणं चांगलं आहे, वाजवू द्या. मान्य. गाणं हिट होतं ते असंच, गोष्ट मागे टाकून. पण पुरस्कार देणाऱ्यांनी जे ऐकलं त्यात ती गोष्ट होती. 'जोगवा'ला सामाजिक विषयावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट हाही राष्ट्रीय पुरस्कार आहे, तो उगाच नाही.

ही कथा हवेतून आलेली नाही. पिक्चर राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांच्या 'दर्शन' या कथेवर बेतलेला आहे. चौंडकं म्हणजे जोगत्यांचं वाद्य. सौंदत्ती बेळगाव जिल्ह्यात, आपल्याला लांबच वाटते. पण यल्लम्मा आणि रेणुका एकच मानतात, आणि नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला कोण जात नाही?

महाराष्ट्रात देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा 2005 चा आहे. म्हणजे पिक्चर आला तेव्हा कायदा होताच. जट मात्र कायद्याला विचारून येत नाही. केस विंचरले-धुतले गेले नाहीत की गुंता होतो, तो वाढत जाऊन जट होते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, हात लावू नका, देवीची आहे. ती जड होते, मान दुखते, झोप लागत नाही. अंनिसचे कार्यकर्ते आजही बायकांना समजावून, धीर देऊन जटा कापतात. म्हणजे सुली अजून पिक्चरमध्येच राहिलेली नाही.

राजीव पाटील 2013 मध्येच गेले. पिक्चर पूर्ण बघा, तुकड्यातुकड्यांत नको. बघितल्यावर कॉलेजच्या लायब्ररीत 'चौंडकं' आहे का विचारा. आमच्या ग्रुपमध्ये ती आता फिरतेय, सध्या चौथ्या माणसाकडे आहे आणि परत यायची चिन्हं नाहीत.