उभ्या ट्रकची ताकद

विहिरीवरचा रहाट आपल्याकडच्या अनेक घरांनी पाहिलेला आहे. लांब दांडी फिरवायची आणि आडव्या ओंडक्यावर दोर गुंडाळत जायचा. हात बराच फिरतो, घागर सावकाश वर येते, पण जड वाटत नाही. ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ असे आपण मराठीत म्हणतो आणि ‘शक्तिगिंत युक्ति मेलु’ असे कन्नडात. म्हण एकच आहे, घरात दोन्ही भाषांतून ऐकू येते एवढेच.

या रहाटाचे थोरले भावंड मी हैदराबादच्या तारनाक्याला जवळून पाहिले. तारेचे कुंपण घातलेला नाका म्हणून तारनाका, असे तिथले लोक सांगतात. उस्मानिया विद्यापीठामुळे हा भाग आपल्याकडच्या जुन्या विद्यार्थ्यांना चांगला परिचयाचा. माझी अक्का लग्नानंतर तिथेच स्थायिक झाली. भाऊजींची भाषा कन्नड, अक्काची मराठी आणि भाच्याची दोन्ही. डिझेल मेकॅनिकचे काम शिकलेल्या या भाच्याने हैदराबाद-सोलापूर महामार्गावर फसलेल्या, उलटलेल्या गाड्या ओढून काढण्याचा धंदा करायचे ठरवले. त्यासाठी त्याने एक जुना शक्तिमान ट्रक हेरला होता. लष्करातून निघून पुढे एका लाकडाच्या वखारीत राबलेला, पुढच्या बाजूला विंच बसवलेला. पैसे उभे करायला घरची ठेव मोडावी लागणार होती.

अक्काने सरळ विचारले, “अरे, ही म्हातारी गाडी स्वतः चालेल की नाही याचा भरवसा नाही, ती दुसऱ्याला काय ओढणार?”

प्रश्न रास्त होता. जर्मनीच्या एम.ए.एन. कंपनीशी करार करून आपल्या देशात 1959 पासून शक्तिमान तयार होऊ लागला. जबलपूरच्या कारखान्यातून निघालेल्या या ट्रकने लष्कराची कैक वर्षे सेवा केली. 1990 च्या दशकात त्याचे उत्पादन थांबले. म्हणजे आज सगळ्यात धाकटा शक्तिमानसुद्धा पंचविशी ओलांडलेला.

उत्तर मिळाले ते शेजारच्या सुभेदारांकडून. सिकंदराबादच्या तिरुमलगिरीत लष्कराच्या ईएमई दलाचे मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. सुभेदार त्याच दलातले. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्यात त्यांची नोकरी गेली. ते म्हणाले, “सर, चाके फिरवायला जी ताकद लागते, तीच गाडी उभी करून दोराला द्यायची. इंजिनाला काय, दोन्ही सारखेच.”

त्यासाठी गिअरबॉक्सच्या कुशीला एक खिडकी असते. तिथे बसवलेल्या जोडगिअरला मेकॅनिक मंडळी ‘पीटीओ’ म्हणतात. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, चाकांना उटी लावायची, क्लच दाबून पीटीओ जोडायचा. मग इंजिनाची फिरकी एका शाफ्टमधून विंचकडे जाते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाच लाखांहून अधिक बनवलेल्या जीएमसी ट्रकांपैकी अनेकांना असाच विंच होता. त्याची ओढ 10,000 पौंडांची, म्हणजे सुमारे साडेचार टन.

एवढ्या ओढीला इंजिन किती लागते? मी कागदावर हिशेब मांडला. 5 टनांची ओढ आणि मिनिटाला 10 मीटर वेग धरला, तर सुमारे 8 किलोवॅट, म्हणजे 11 अश्वशक्ती पुरते. गिअरमधली झीज, घर्षण धरून दुप्पट माना. ट्रकच्या इंजिनाला हे जड नाही. वेग सोडला की बळ मिळते. रहाटाची युक्ती तीच.

बॅटरीवर विंच चालवू, असे भाच्याच्या मनात होते. तेवढ्याच कामाला 24 व्होल्टच्या बॅटरीतून साडेतीनशे अँपिअरच्या आसपास, घर्षण धरून त्याहूनही जास्त वीज ओढावी लागेल. पाच-दहा मिनिटांची ओढ ठीक, उलटलेला उसाचा ट्रक काढताना बॅटरी बसेल. क्रेनचा हात उचलायला मात्र तेलाचा दाब उत्तम. पीटीओवर पंप बसवायचा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो दाब दिला, तर पावणेबारा टनांचा जोर मिळतो. मिनिटाला 40 लिटर तेल फिरवायला 10 किलोवॅट लागतात. म्हणजे एकाच पीटीओवर विंच आणि क्रेन आळीपाळीने चालतील. आता भाच्याचा चेहरा खुलला.

मग सुभेदार गाडीखाली शिरले. बाहेर आले ते गंभीर होऊन. विंचच्या शाफ्टला एक मुद्दाम नरम धातूची पिन असते. ओझे मर्यादेबाहेर गेले की ती तुटते आणि दोर वाचतो. या ट्रकात पिनच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट ठोकलेला होता. पिन सारखी तुटते म्हणून कुणीतरी केलेला हा ‘इलाज’. आता तुटणार तो दोर.

ताणलेला तारेचा दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो. माणसाचे पाय, मान, काहीही सापडले तरी तो थांबत नाही. म्हणून दोरावर जाड ताडपत्री किंवा गोणपाट टाकतात, ड्रमवर निदान चार-पाच वेढे शिल्लक ठेवतात आणि माणसे दोराच्या लांबीहून लांब उभी राहतात. तेलाच्या नळीचेही तसेच. बारीक छिद्रातून दाबाने निघालेले तेल कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो. गळती शोधायला पुठ्ठा धरावा, हात कधीही नाही. तेल घुसलेच तर दुखायची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

हे शेतकरी घरांनाही लागू आहे. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो. धोतराचा सोगा, पदर, ओढणी अडकायला क्षण पुरतो. मळणीयंत्रांच्या अपघातांमुळेच 1983 साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. शाफ्टवरचे झाकण काढून ठेवणे म्हणजे त्या पिनच्या जागी बोल्ट ठोकणेच.

अक्का सगळे ऐकत होती. ती म्हणाली, “आधी तो बोल्ट काढा, मग ठेवीचे बोलू.” भाऊजींनी कागदांची यादी केली: लष्करी लिलावाची मूळ पावती, नोंदणी, फिटनेस, विमा. शिवाय क्रेन बसवणे म्हणजे गाडीत बदल. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी हवी. इतक्या जुन्या गाडीला ती मिळेल का, हे विसार देण्याआधी विचारायचे ठरले. नवा दोर, योग्य पिन आणि शाफ्टची जाळी यांचा खर्च भाच्याने किमतीतून वजा करून मागितला. मालक अजून तयार नाही. भाच्याला घाई आहे, अक्काला नाही.

ऊस तोडणीच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर असे ट्रक ओढून काढताना गर्दी जमते, पोरे पुढे घुसतात. त्यांना दंडाला धरून मागे घ्या. मराठीत सांगा, कन्नडात सांगा, पण मागे घ्या.