भरती नसतानाही पळूया

“काय रं, पुन्हा भरती निघाली का?”

खुटबावच्या शिवारात सकाळी पळायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वस्तीतल्या एका मावशींनी आम्हाला हा प्रश्न विचारला. आम्ही चौघे, सगळे तिशी ओलांडलेले. कुणी रोज रेल्वेने पुण्याला नोकरीला जाणारे, कुणी शिकवणारे, कुणी सामाजिक संस्थेत काम करणारे. “नाही मावशी, असंच पळतोय,” आम्ही म्हणालो. त्यावर त्या हसून म्हणाल्या, “असंच कोण पळतं?”

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला, कारण त्यात आपल्या समाजाचे पळण्याशी असलेले सगळे नाते आले आहे.

पळणे म्हणजे भरती

आपल्या वस्त्यांना पळणे नवीन नाही. यवत, खुटबाव, केडगाव या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी मुले-मुली आजही दिसतात. पण ती पळतात गुणांसाठी. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याशिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. वयाची अट खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. म्हणजे तेहतिसाव्या वर्षी सरकारच्या लेखी आपले पळणे संपते. प्रत्यक्षात ते त्याच्या खूप आधी संपते. भरती झाली की गरज उरत नाही. भरती झाली नाही तर त्या मैदानाकडे बघवत नाही. बूट माळ्यावर जातात आणि त्यांच्यासोबत एक चांगली सवयही जाते.

शेजारच्या बारामतीचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. शेतमजुरी करणाऱ्या लता करे साठीच्या घरात असताना नऊवारी नेसून, अनवाणी मॅरेथॉन धावल्या आणि आपल्या गटात पहिल्या आल्या. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून त्या धावल्या. पुढे त्यांच्यावर ‘लता भगवान करे’ हा चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीला आमचा सलाम आहे. पण कष्टकऱ्याने गरज पडली तरच धावायचे, हे आपण किती दिवस मान्य करायचे? नोकरीसाठी नाही, बक्षिसासाठी नाही, केवळ बरे वाटते म्हणून पळण्याचा आपल्याला हक्क आहे. फुरसत हीसुद्धा समाजात सारखी वाटली गेलेली नाही. ती थोडी का होईना, मिळवावी लागते.

कार्यकर्त्याचे शरीर

दुसरे कारण चळवळीशी जोडलेले आहे. आपले काम रात्रीच्या बैठका, प्रवास, वेळी-अवेळी वडापाव आणि दिवसाला सात-आठ कप चहा यांवर चालते. चाळिशीच्या आत रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या सुरू झालेले कार्यकर्ते प्रत्येकाच्या ओळखीचे आहेत. बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ग्रासले होते. १९५६ मध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. त्यांच्यापुढे कामाचा डोंगर होता आणि वेळ नव्हता. आपण मात्र शरीराची हेळसांड म्हणजेच त्याग असे समजू लागलो, तर पुढच्या पिढीला थकलेले कार्यकर्तेच मिळतील.

किती पळावे लागते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. ७५ मिनिटे म्हणजे २५ मिनिटे, आठवड्यातून तीनदा. अमेरिकेत सुमारे ५५ हजार प्रौढांच्या १५ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज पाच-दहा मिनिटे सावकाश पळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराने होणारे मृत्यू न पळणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. अशा अभ्यासातून पळणे हेच एकमेव कारण आहे असे सिद्ध होत नाही. पण थोडे पळणे वाया जात नाही, एवढे नक्की म्हणता येते.

जुना वेग विसरा

पुन्हा पळायला लागणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याची आठवण. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी भरतीच्या वेळचे १६०० मीटर जुन्या वेगाने मारले. दुसऱ्या दिवसापासून नडगी दुखू लागली आणि तीन आठवडे घरी बसावे लागले.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. पळणे थांबले की काही आठवड्यांतच दम कमी होऊ लागतो, आणि पुन्हा सुरू केले की तो तुलनेने लवकर परत येतो. हाडे आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात, त्यांना काही महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात छाती म्हणते “पळ”, आणि नडगी, गुडघा, टाच म्हणते “थांब”. त्या वेळी नडगीचे ऐकावे.

म्हणून सुरुवात चालत-पळत करावी. १९९६ मध्ये जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने कधीही न पळणाऱ्यांसाठी नऊ आठवड्यांचा कार्यक्रम तयार केला. तो आज जगभर वापरला जातो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे भरभर चालायचे, मग एक मिनीट पळायचे, दीड मिनीट चालायचे, असे २० मिनिटे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. हळूहळू पळण्याची मिनिटे वाढवायची आणि चालण्याची कमी करायची. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायचा.

वेग मोजायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर वेग जास्त आहे. भरतीचे काटेरी बूट वापरू नका, ते वेगाने धावण्यासाठी असतात. साधे, पुढे अंगठ्याला जागा राहील असे पळण्याचे बूट पुरेत. तिशीनंतर एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. पळताना छातीत दुखले, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर लगेच थांबून डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील तर पळायच्या आधी डॉक्टरांना विचारावे.

वेळ कुठून आणायचा?

सकाळची गाडी पकडणाऱ्याला रोज पळणे जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आम्ही दोन वार ठरवले आणि तिसरा रविवार. संध्याकाळी उशिरा येणाऱ्यांनी सुट्टीच्या दिवसांवर भर द्यावा. आपले वर्षाचे वेळापत्रकही लक्षात घ्यावे. एप्रिलमध्ये जयंती, पावसाळ्यात वर्षावासाचे कार्यक्रम, ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, मग १ जानेवारीला भीमा कोरेगाव. या दिवसांत खंड पडणारच. तो गुन्हा समजू नये. आठवडा बुडाला तर जिथे होतो तिथून सुरू करावे. महिना बुडाला तर निम्म्यावर यावे आणि पुन्हा चढावे. सवय मोडते ती खंडाने कमी आणि खंड पडल्याच्या लाजेने जास्त.

रस्ता, ऊस आणि बिबट्या

शहरातले पुस्तकी सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, माणसांवर हल्लेही झाले आहेत. त्यामुळे अंधारात, एकट्याने, उसाच्या कडेने पळू नये. उजाडू द्यावे, तिघा-चौघांनी मिळून जावे, कानात काही घालू नये, बोलत पळावे. शाळेचे मैदान किंवा वस्तीजवळचा मोकळा रस्ता बरा. बिबट्या दिसलाच तर पाठ फिरवून पळायचे नाही, वाकायचे-बसायचे नाही. उभे राहून आवाज करत सावकाश मागे सरकायचे.

दुसरा धोका वाहनांचा. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. पुणे-सोलापूर महामार्गावर पळूच नये. गावातल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून पळावे आणि उजळ रंगाचे कपडे घालावेत.

पोरींचे पळणे लग्नाला थांबते

मुलांचे पळणे वयाच्या अटीवर थांबते, मुलींचे त्याच्या आधी लग्नावर. ८०० मीटर उत्तम पळणारी मुलगी सासरी गेली की सकाळी तिच्या वाट्याला चूल आणि पाणी येते. “नवरा पळतो आणि बायको डबा करते” अशी सकाळ असेल तर त्या पळण्यात समता कुठे आहे? तीन दिवस तुम्ही पळालात तर तीन दिवस डबा तुम्ही करा, तिला जाऊ द्या. कपड्यांवरून टोमणे येतात. पंजाबी ड्रेसवर, पायात चांगले बूट घालून पळता येते. चार-पाच जणी मिळून निघाल्या की टोमणे मारणारेच गप्प होतात.

सोणाची वीणा

विनयपिटकात सोण कोळिविस या भिक्खूची गोष्ट येते. श्रीमंत घरात नाजूक वाढलेला सोण प्रव्रज्या घेतल्यावर इतक्या जिद्दीने चंक्रमण करू लागला की पाय फुटून चालण्याची वाट रक्ताने भरली. एवढे करूनही काही साधत नाही, त्यापेक्षा घरी परत जावे, असे त्याच्या मनात आले. तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला त्याच्याच वीणेबद्दल विचारले. तारा फार ताणल्या तर ती वाजते का? फार सैल सोडल्या तर वाजते का? दोन्हींचे उत्तर नाही असेच होते. मध्यम मार्ग इतक्या सोप्या शब्दांत सांगितला गेला आणि सोण टिकला.

चंक्रमणाचे फायदेही बुद्धांनी सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, परिश्रम सोसतात, आजार कमी होतात, अन्न पचते आणि त्यातून मिळालेली एकाग्रता टिकते. पळणे म्हणजे चंक्रमण नव्हे. पण पायांकडे लक्ष देणारी शिकवण आपल्याकडे आहे, हे विसरू नये.

पहिल्या दिवशी १६०० मीटर मारणारा आमचा मित्र म्हणजे ताणलेली तार होती. त्याच्या आधीची आमची आठ-दहा वर्षे म्हणजे सैल तार. आता आठवड्यातून तीनदा, बोलत-बोलत, पंचवीस मिनिटे.

आमच्या मावशींना उत्तर अजून पूर्ण पटलेले नाही. पण परवा दोन दिवस आम्ही दिसलो नाही तेव्हा त्यांनीच विचारले, “का रं, बंद केलं का?” आम्ही म्हणालो, “नाही, कार्यक्रम होता. रविवारी येतोय.” तुमच्याही गावात येत्या रविवारी, उजाडल्यावर, विहारापाशी दोघे-तिघे जमा. पहिल्या दिवशी फक्त चाला.

जय भीम!