ओठ सारखे फुटतात? एकदा टूथपेस्टचा 'फ्लेवर' तपासा

जळगाव-धुळ्यात ओठ फुटले, तोंड आले की सगळ्यांचे उत्तर ठरलेले : "गर्मी आहे." आमच्या ओळखीतल्या एक खाला वर्षभर हेच ऐकत होत्या. सब्जा झाला, गुलकंद झाला, रात्री ओठांना तूपही लावून झाले. पण ऐन थंडीतही ओठांच्या कडा लाल आणि सोललेल्या. रमजानमध्ये मात्र बरे वाटायचे. डॉक्टरांनी विचारले, "रमजानमध्ये वेगळे काय करता?" खाला म्हणाल्या, "काही नाही, महिनाभर फक्त मिसवाक."

तिथेच धागा सापडला. पेस्टमध्ये चव आणि थंडावा यावा म्हणून पुदिन्याचे तेल, मेन्थॉल, लवंग तेल, दालचिनीचा अर्क असे काही ना काही घातलेले असते. बहुतेकांना त्याचे काहीच होत नाही. पण काहींचे शरीर त्यातल्या एखाद्या घटकाला शत्रू समजू लागते. ही अ‍ॅलर्जी उशिरा, म्हणजे एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून पेस्टवर संशयच जात नाही. "दहा वर्षे हीच पेस्ट वापरतोय" हेही कामाचे नाही; ती वर्षांनंतरही सुरू होऊ शकते.

वेष्टनावर बहुतेक वेळा नुसते 'फ्लेवर' लिहिलेले असते, आत नेमके काय ते कळत नाही. आणि 'हर्बल' म्हणजे बिनधोक नव्हे, लवंग-पुदिना तर त्यातच जास्त! मिसवाक नावाच्या पेस्टचेही तेच. खरी मिसवाक पीलूच्या झाडाची. पाकिटातली पुदिन्याच्या चवीचीही मिळते, ती घेऊ नका.

पेस्ट झोंबते म्हणून काही बायका मशेरीकडे वळतात, हे आम्हाला जास्त धोक्याचे वाटते. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. दंतमंजन-पेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

संशय असेल तर चार आठवडे फ्लेवरची पेस्ट, माउथवॉश, च्युइंगम बंद करून पाहा. बिनचवीची फ्लोराइड पेस्ट मिळाली तर उत्तम, कारण फ्लोराइड सोडले की दात किडतात. खात्री करायची तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात : पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढतात, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. जीभ-घसा सुजला, श्वास अडकला तर मात्र वाट पाहू नका, लगेच 108 ला फोन करा.

खालांच्या पाठीवर दालचिनीची पट्टी लाल झाली. आता त्या चहात दालचिनी घालत नाहीत, बिर्याणीतली तर बाजूला काढून ठेवतात.