बोली आपली, घर कुणाचं?

पेपर हातात आला की आपण आधी भविष्य बघतो, मग पाककृती, मग नातेवाईकांपैकी कुणी गेलं-बिलं नाही ना ते. पण हल्ली कल्याणच्या पुढे राहणाऱ्या बायका आणखी एक पान बघायला लागल्या आहेत. बारीक टायपातल्या जाहीर नोटिसांचं! 'राखीव किंमत', 'इसारा रक्कम', 'प्राधिकृत अधिकारी'... असले जडजंबाळ शब्द आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी अंबरनाथ, बदलापूर, चिखलोली अशी आपल्या ओळखीची नावं. कुणाचा तरी वन रूम किचन, कुणाचा वन बीएचके. हप्ते थकले म्हणून बँकेने ताब्यात घेतलेला आणि आता ऑनलाइन लिलावात काढलेला.

बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात मग चर्चा रंगते. "बिल्डरपेक्षा स्वस्तात मिळतं म्हणे!" "घरबसल्या मोबाइलवर बोली लावायची." आणि चौथ्या सीटवर जेमतेम टेकलेली एखादी हळूच म्हणते, "आमच्या नणंदेला लागलं होतं हो, पण नंतर रद्द झालं." डबा एकदम गप्प होतो. रद्द झालं म्हणजे काय? भाजीची ऑर्डर आहे का रद्द व्हायला?

या भागात असल्या नोटिसा सारख्या दिसाव्यात यात नवल नाही. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही, म्हणून माणूस एकेक स्टेशन पुढे सरकत येतो. अंबरनाथला पाणी पुरवणाऱ्या धरणामुळे चिखलोली हे नाव आधी माहीत होतं. मग अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधोमध चिखलोलीचं नवं रेल्वे स्टेशन मंजूर झालं आणि आजूबाजूच्या जागांना भाव आला. कर्ज काढून घरं घेतली गेली. जिथे कर्जं जास्त, तिथे थकलेले हप्तेही आलेच. नोकरी जाते, आजारपण येतं, धंदा बसतो. मग एक दिवस पेपरात नोटीस येते.

तेव्हा फक्त हिरमोड व्हायचा

ऑनलाइन लिलाव आपल्याकडे तसा जुना. २००० साली मुंबईत 'बाझी डॉट कॉम' सुरू झालं. २००४ मध्ये अमेरिकेच्या 'ईबे'ने ते विकत घेतलं आणि पुढे त्याचं नाव ईबे इंडिया झालं. जुनी नाणी, कॅमेरे, मोबाइल, साड्या अशा वस्तूंवर लोक बोली लावायचे. तिथेही बोली रद्द व्हायच्याच. चुकून भलताच आकडा टाइप झाला तर बोली मागे घेता यायची, विक्रेताही कधी ऐनवेळी माघार घ्यायचा. रात्र जागून बोली लावलेली वस्तू सकाळी हातची गेली की चिडचिड व्हायची. पण त्यात आयुष्यभराची पुंजी अडकलेली नसायची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेचं ते भारतातलं दुकान बंद झालं.

बँकेच्या लिलावाचं तसं नाही. इथे बोली लावणाऱ्या बाईने बांगड्या मोडलेल्या असतात, सासऱ्यांच्या फंडातले पैसे काढलेले असतात, भिशी आधी उचललेली असते. आणि इथल्या अटींमध्ये साधारणपणे लिहिलेलंच असतं की, एकदा लावलेली बोली मागे घेता येणार नाही. बटण दाबताना एक शून्य जास्त पडलं तरी बोली तुमचीच! म्हणून गाडी नेमकी कुठे कुठे अडू शकते, ते आधी कळलेलं बरं.

पैसे कसे भरावे लागतात?

हे लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. हप्ते थकले की बँक कर्जदाराला ६० दिवसांची नोटीस देते. तरी पैसे आले नाहीत तर घराचा ताबा घेते आणि मग विक्री काढते. जाहीर लिलावाची नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणूनच ती आपल्या मराठी पेपरात दिसते. पहिल्या लिलावाआधी ३० दिवसांची मुदत असते. तो फसला तर पुढच्या वेळी १५ दिवसांची.

समजा, राखीव किंमत २० लाख आहे. इसारा रक्कम बहुतेक वेळा तिच्या दहा टक्के, म्हणजे २ लाख. ती भरल्याशिवाय बोली लावताच येत नाही. तुमची बोली २२ लाखांची आणि तीच सर्वांत मोठी ठरली. नियमाप्रमाणे त्याच दिवशी, किंवा फार तर बँकेच्या कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, एकूण किमतीच्या २५ टक्के भरावे लागतात. म्हणजे साडेपाच लाख. इसाऱ्याचे २ लाख वजा जाता साडेतीन लाख एका दिवसात हवेत. विक्री कायम झाली की उरलेले साडेसोळा लाख पंधरा दिवसांत. दोन्ही बाजूंनी लेखी ठरलं तर ही मुदत वाढू शकते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. सगळे पैसे पोचल्यावर विक्री प्रमाणपत्र मिळतं.

ते हातात येईपर्यंत आपण 'घर घेतलं' असं म्हणायचं नाही. पेढे तर अजिबात वाटायचे नाहीत!

कुठे अडतं?

पहिली अडचण लिलावाच्या आधीच. नोटिशीच्या तळाशी एक वाक्य बहुधा असतंच, की कोणतंही कारण न देता लिलाव रद्द करण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा अधिकार बँकेला आहे. कर्जदाराने ऐनवेळी पैशांची सोय केली, तर बँका लिलाव मागे घेताना दिसतात. इसारा परत मिळतो, पण सहसा बिनव्याजी. हेलपाटे, रजा आणि मोडलेली एफडी यांचा हिशोब कुणी देत नाही.

दुसरी अडचण जास्त जिव्हारी लागते. तुम्ही जिंकलात, पैसेही भरायला लागलात आणि मूळ मालक जागा झाला. "मी पैसे भरतो, माझी जागा परत द्या." इथे कायदा काय म्हणतो, हे प्रत्येकीने माहीत करून घ्यावं. पूर्वी कर्जदाराला विक्री होईपर्यंत पैसे भरून मालमत्ता सोडवता यायची. सप्टेंबर २०१६ पासून कायदा बदलला. आता हा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे.

या बदलाचा कस लागला तो आपल्याच ठाणे जिल्ह्यात. नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीमधला एक प्लॉट युनियन बँकेने लिलावात काढला होता. आधीचे आठ लिलाव फसले. जून २०२३ मध्ये नवव्या लिलावात सेलिर एलएलपी या कंपनीने १०५ कोटी ५ लाखांची बोली लावून तो जिंकला. त्यानंतर कर्जदार बाफना मोटर्सने १२९ कोटी भरायची तयारी दाखवली. बँकेलाही जास्त पैसे दिसले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये कर्जदाराला जागा सोडवायची परवानगी दिली. लिलाव जिंकणारा हात चोळत बसला!

तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २१ सप्टेंबर २०२३ रोजी निकाल फिरला. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर कर्जदाराचा हक्क संपतो आणि विक्री कायम केल्यावर बँकेला असा शब्द फिरवता येणार नाही, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला यांच्या खंडपीठाने सांगितलं. लिलावांवरचा लोकांचा विश्वास टिकला पाहिजे, हा त्यातला मोठा मुद्दा होता. तुमच्या-माझ्या दोन खोल्यांच्या लिलावालाही हाच निकाल लागू पडतो.

पण याची दुसरी बाजूही बघा. जिंकणाऱ्यालासुद्धा वरचे २३ कोटी ९५ लाख भरावेच लागले, म्हणजे किंमत १२९ कोटींवरच गेली. आणि एवढं होऊनही ताबा आणि कागदपत्रं यांसाठी त्याला पुन्हा न्यायालयाचा अवमान झाल्याची तक्रार घेऊन जावं लागलं. त्यावरचा निकाल यायला डिसेंबर २०२४ उजाडला. कोट्यवधींच्या कंपनीची ही गत, तर पगारातून पैसे साठवणाऱ्या बाईने आधीच दहा वेळा विचार केलेला बरा.

तिसरी अडचण न्यायाधिकरणाची. बँकेने नोटीस नीट दिली नाही, किंमत चुकीची काढली, अशा तक्रारी घेऊन कर्जदार ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तिथे स्थगिती मिळाली की तुमचे पैसे बँकेत आणि तुम्ही भाड्याच्या घरात. कार्यपद्धतीत खरंच दोष निघाला तर विक्री रद्दही होऊ शकते.

चौथी अडचण आपलीच, आणि सगळ्यांत महागडी. "लिलाव तर जिंकू, कर्जाचं मग बघू," या भरवशावर बोली लावली आणि उरलेले पैसे वेळेत उभे राहिले नाहीत, तर भरलेले २५ टक्के जप्त. वरच्या हिशोबात साडेपाच लाख! तमिळनाडूतल्या एका प्रकरणात १२ कोटी २७ लाखांची बोली लावणाऱ्याचे तीन कोटींहून जास्त पैसे असेच गेले. पुढच्या लिलावात बँकेला उलट जास्त किंमत मिळाली होती, तरीही २ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती जप्ती योग्य ठरवली. नियम कडक आहे, पण तो बोली लावण्याआधीच सगळ्यांना माहीत असतो, असा त्याचा अर्थ. बँकेने रद्द केलं तर निदान पैसे परत मिळतात, आपण चुकलो तर तेही नाही.

बोलीआधीची पाच कामं

एक, नोटिशीत ताबा कोणता लिहिलाय ते बघा. 'प्रत्यक्ष ताबा' म्हणजे किल्ली बँकेकडे. 'सांकेतिक ताबा' म्हणजे आत अजून कुणीतरी राहतंय आणि त्यांना बाहेर काढण्याची लढाई बाकी आहे.

दोन, प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी विचारा, की या मालमत्तेवर न्यायाधिकरणात किंवा न्यायालयात काही चालू आहे का? उत्तरही लेखीच घ्या. तोंडी "काही नाही हो मॅडम" यावर विसंबू नका.

तीन, जागेवर जा. विक्री 'जसे आहे, जेथे आहे' या अटीवर असते. सोसायटीचा थकलेला मेन्टेनन्स, वीजबिल, मालमत्ता कर किती आहे, ते सेक्रेटरीकडे आणि नगरपरिषदेत विचारा. इमारतीला परवानगी आहे का, तेही बघा. शेजारच्या उल्हासनगरात अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी २००६ साली वेगळा कायदा करावा लागला होता. हे विसरायचं नाही.

चार, उरलेल्या ७५ टक्क्यांची सोय आधी करा. लिलाव करणारी बँकच कर्ज देते का, किती दिवसांत देते, हे बोलीच्या आधी ठरवा. आपल्या आकड्याची मर्यादा कागदावर लिहून समोर ठेवा. शेवटच्या मिनिटाला बोली आली की वेळ वाढत जाते आणि आपल्यालाही चेव चढतो. हळदीकुंकवाला वाणाची किंमत वाढवण्याचा खेळ नाही हा.

पाच, पैसे फक्त नोटिशीतल्या खात्यावर भरा. सरकारी बँकांच्या अशा मालमत्तांसाठी जानेवारी २०२५ मध्ये 'बँकनेट' हे पोर्टल सुरू झालं. तिथे किंवा थेट शाखेत खात्री करा. "सेटिंग करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आतली बाई

आणि हो, त्या नोटिशीत आणखी एक बाई असते. तिचं नाव बहुतेक वेळा 'सहकर्जदार' म्हणून छापलेलं असतं. नवऱ्याने "इथे सही कर" म्हटलं आणि तिने केली. बँकेची पत्रं तो कपाटात टाकत गेला आणि तिला घर जातंय हे शेजारणीने पेपर दाखवल्यावर कळलं, असंही घडतं. लिलाव रद्द झाल्यावर जिंकणारीला जेवढा मनस्ताप होतो, त्याहून जास्त जीव मुठीत धरून ही बसलेली असते, की हा लिलाव रद्द व्हावा!

तिच्यासाठीही तोच कायदा आहे आणि तोच दिवस महत्त्वाचा आहे. घर वाचवायचं असेल तर धावपळ लिलावाच्या आदल्या रात्री नव्हे, ६० दिवसांच्या पहिल्या नोटिशीलाच सुरू करायची. त्या नोटिशीवर हरकत घेता येते आणि बँकेला उत्तर द्यावं लागतं. हप्ते बांधून घेता येतील का, एकरकमी तडजोड होईल का, हे तेव्हाच विचारायचं. लिलावाची नोटीस पेपरात आली की सोडवण्याचा हक्क संपला. मग उरते ती कोर्टाची वाट, आणि त्या वाटेवर एक परकी बाई आपले मोडलेले दागिने घेऊन समोर उभी असते. खरं तर भांडण या दोघींचं नसतंच, पण कागद त्यांना समोरासमोर आणून उभं करतो.

म्हणून मैत्रिणींनो, घर घ्यायचं असो की राखायचं असो, बँकेचं पाकीट आपल्या नावाने आलं तर ते आपणच फोडायचं. सही आपली असेल तर कागदही आपणच वाचायचा. बारीक टायप वाचायला चष्मा लागला तर तो घ्यावा. साडेपाच लाखांपेक्षा स्वस्तच पडेल!