पटाऱ्याची डागडुजी

सौराष्ट्रातील घरांत गोधड्या, वस्त्रे आणि लेकीबरोबर सासरी पाठवायचा संसार ज्यात ठेवत तो पटारा, म्हणजे लहान लाकडी चाकांवर उभी असलेली, पितळी पत्र्याने मढवलेली भलीमोठी पेटी, आज मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर विक्रीला दिसतो आणि तेथून शहरी दिवाणखान्यांत पोहोचतो. या वाटेवर यंत्राने घासून त्याचे लाकूड 'नवे' काढण्याची पद्धत सर्वांत घातक म्हणावी लागेल, कारण हाताळणी, तेल आणि धूर यांनी चढलेली गडद झाक आणि वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासण्याच्या हत्याराच्या, खुणा एकदा गेल्या की कोणत्याही पॉलिशने परत येत नाहीत.

म्हणून जाणता कारागीर आधी जुन्या लेपाची जात ओळखतो. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवल्यावर लेप विरघळून चिकट झाला तर तो बहुधा चपड्याचा, म्हणजे लाखेपासून केलेल्या पॉलिशचा असतो, आणि तो खरवडून न काढता त्याच जातीच्या पातळ थराने सावरता येतो. सांधे जुन्या प्राणिज सरसाने जोडलेले असतील तर उष्णता आणि ओलावा यांनी ते सैल करून पुन्हा जोडता येतात. नव्या इपॉक्सीला हा गुण नाही, आणि पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तिच्याबरोबर लाकूडही तुटते.

सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही. भुंगेऱ्यांच्या अळ्या सालीलगतचे फिकट लाकूड आणि तळासाठी वापरलेल्या हलक्या फळ्या पोखरतात. मात्र छिद्र दिसले म्हणजे कीड जिवंत आहे असे नाही. पेटीखाली काळा कागद पसरून काही आठवड्यांनी त्यावर ताजी पिठूळ भुकटी दिसते का, हे पाहिल्यावरच औषधाचा निर्णय घेणे शहाणपणाचे ठरते.

याहून अवघड प्रश्न भेगांचा असतो, कारण लाकूड रेषांना आडवे फुगते व आकसते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ते वर्षभरातील सर्वांत फुगलेल्या अवस्थेत असते. त्या दिवसांत मिटलेली भेग सरसाने पक्की केली तर कोरड्या हवेत तीच फळी दुसरीकडे फुटते, आणि उलट उन्हाळ्यात रुंदावलेली भेग कडक लांबीने भरली तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागाच उरत नाही. म्हणून रुंद भेगेत त्याच लाकडाची बारीक चीप एकाच बाजूला चिकटवून दुसरी बाजू मोकळी ठेवणे इष्ट असते. बारीक भेगेला हात न लावणे बहुधा उत्तम.

पितळेला आरशासारखी चकाकी आणण्याचा मोह दिवाणखान्यात प्रबळ असतो. चिंचेचा कोळ काळेपणा काढतो खरा, पण पत्र्याखाली झिरपलेले आम्ल व पाणी लोखंडी चुकांना गंजवते, आणि गंजातील लोह लाकडातील टॅनिनशी मिळून न जाणारे निळसर काळे डाग पाडते. तेव्हा ठोकलेला पत्रा न उचकटता, अगदी थोड्या ओलाव्याने पुसून लगेच कोरडा करणे पुरे.

पेटी नुसती मांडायची असेल तर काम येथे थांबू शकते, पण तिच्यात काही साठवायचे असेल तर आतल्या बाजूचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे जवसाचे तेल लावू नये, कारण झाकणाखाली हवा खेळत नसल्याने ते नीट वाळत नाही आणि त्याचा कुबट वास कपड्यांत उतरतो. लाकडातून सुटणारी आम्ले आणि टॅनिन कापडाला पिवळे करतात, म्हणून धुऊन खळ काढलेल्या सुती कापडाचे अस्तर न चिकटवता सैल घालावे, म्हणजे ते अधूनमधून धुता येते; जरीच्या साड्या थेट लाकडावर न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळाव्यात, आणि कोरड्या दिवशी झाकण उघडून घड्या बदलाव्यात.