बुटावरचा अभ्रा

फिगर स्केटिंग पाहताना आपली नजर खेळाडूच्या उडीवर, गिरकीवर असते. बुटाकडे ती जात नाही, आणि जाऊ नये म्हणूनच अनेकदा बुटावर ताणलेलं कापड चढवलेलं असतं. या साध्या कापडाचं काम मात्र मोठं आहे.

पूर्वी लोक लोखंडी पाती पट्ट्यांनी रोजच्या बुटांना बांधून बर्फावर उतरत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या जॅक्सन हेन्झने पाती बुटाला कायमची जोडली आणि स्केटिंगचा बूट ही वेगळीच चीज झाली. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या नॉर्वेच्या सोन्या हेनीमुळे मुलींनी पांढरे बूट घालायची रीत रुळली. पुरुषांचे काळेच राहिले. पांढरं चामडं देखणं खरं, पण त्यावर एकही ओरखडा लपत नाही.

आणि ओरखडे तर पडणारच. उडीत हवेत फिरताना दोन्ही घोटे एकमेकांवर घट्ट आवळले जातात; वळणावर एक पाऊल दुसऱ्यावरून पलीकडे टाकावं लागतं. पातं असतं जेमतेम चार मिलिमीटर जाडीचं, पण मधे खोबण असल्याने त्याला दोन धारा असतात आणि पुढे दाते. ते समोरच्या बुटाला लागलं की चामडं सोलवटतं. पायाला बसलेला, हळूहळू मऊ झालेला महागडा बूट असा खराब होताना पाहणं जिवावर येतं.

म्हणून हा अभ्रा. ताणलं जाणारं लायक्राचं कापड घोट्यापासून पंजापर्यंत बसतं. तळाचा भाग मोकळा असतो आणि बूट व पातं यांच्यामधल्या फटीतून इलॅस्टिकची पट्टी जाते, त्यामुळे कापड वर सरकत नाही. लेसची गाठही आत दडते. स्पर्धेत लेस हा किरकोळ विषय नव्हे: १९९४ च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये लेसच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या टोन्या हार्डिंगने बूट घातलेला पाय थेट पंचांच्या टेबलावर ठेवला होता. काहीजणी बुटावरूनच त्वचेच्या रंगाचे टाइट्स ओढून घेतात. त्याने पाय कमरेपासून पात्यापर्यंत एकसंध, लांब दिसतो. मला हे रूप पांढऱ्या बुटापेक्षाही आवडतं.

रोलर, म्हणजे चार चाकांच्या, स्केटची दुखणी निराळी. पुढच्या रबरी ब्रेकवर थांबताना, पाय घासत वळताना बुटाचं नाक सिमेंटवर खरवडतं. तिथे पातळ कापड टिकत नाही. लेसखाली अडकवायचं चामड्याचं टोपण लागतं. स्पर्धेत दिसण्यासाठी कापडी कव्हरं याही बुटांवर चढतात. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत भारताच्या अनुप कुमार यामाने कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये एकेरीत आणि अवनी पांचाळसोबत जोडीत अशी दोन ब्राँझपदकं मिळवली, तो हाच प्रकार. आपल्याकडची बहुतेक मुलं बर्फावर नाही, चाकांवरच स्केटिंग शिकतात.

बुटासारखीच बर्फाच्या पात्यालाही आवरणं असतात. ती दोन, आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. कडक प्लास्टिकचं गार्ड फक्त बर्फाबाहेर चालण्यापुरतं. जमिनीवर धार बोथट होऊ नये एवढंच त्याचं काम. ते घालून स्केट बॅगेत ठेवले तर ओल आत कोंडते आणि धारेला गंज चढतो. साठवणीसाठी टॉवेलच्या कापडाचं, पाणी शोषून घेणारं सोकर वापरावं, तेही पातं फडक्याने कोरडं पुसल्यावर. बुटाच्या चामडी तळव्यालाही ओल सोसत नाही. तो कुजला की पात्याचे स्क्रू सैल पडतात.

तुमचं मूल स्केटिंगला जात असेल, तर घरी आल्या आल्या बुटावरचं कव्हर काढायची सवय त्याला लावा. बुटाचं तोंड उघडं ठेवून तो सावलीत वाळवा, आणि कव्हर धुऊन, पूर्ण सुकलं की मगच पुन्हा चढवा.