नाव काढताना: जुन्या सायकलीचे स्टिकर

विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला सायकलीवरच्या स्टिकरचं काय पडलंय? पण आपण भोसरीत आहोत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, पुढे हा सगळा पट्टा कारखान्यांनी भरला, आणि पहिल्या पाळीला निघालेल्या सायकली इथे अनेक वर्षं दिसत राहिल्या. आजही इथे कुणी सेकंडहँड सायकल घेतो, ती हौसेपेक्षा गरजेपोटी. घरी आणल्यावर पहिली इच्छा होते ती तिच्यावरचे स्टिकर काढायची. कुठे कंपनीचं नाव असतं, कुठे आधीच्या मालकाच्या मुलाचं, कुठे सायकल वाटणाऱ्या पुढाऱ्याचा फोटो. मुलगी म्हणते, ‘बाबा, हे असलं घेऊन मी शाळेत जाणार नाही.’ तिचं बरोबर आहे. दान घेतलं म्हणून ते कपाळावर मिरवायची सक्ती नसावी.

तर आधी प्रश्न असा, की स्टिकर आहे कुठे? अंगठ्याचं नख स्टिकरच्या कडेवरून फिरवा. नख अडलं, तर स्टिकर रंगाच्या वर चिकटवलेला आहे आणि तो निघेल. नख गुळगुळीत सरकलं, तर त्याच्यावर पारदर्शक लॅकरचा थर आहे. तिथे ओढून काही होत नाही. एवढी एक परीक्षा केली तरी निम्मं नुकसान टळतं, कारण लोक लॅकरखालच्या अक्षरांना स्क्रू ड्रायव्हर लावतात आणि पत्रा उघडा पाडतात.

वरचा स्टिकर काढायला ऊब लागते. केस वाळवायचा ड्रायर वीतभर लांब धरून मिनिटभर फिरवत ठेवायचा. फ्रेमला हात लावता आला पाहिजे, इतपतच तापवायचं. मग जुन्या एटीएम कार्डाने कोपरा उचलायचा. ब्लेड नको. उचललेली पट्टी वर न ओढता, तिच्या स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश ओढायची. इथे थोडं शास्त्र आहे. स्टिकरचा डिंक अर्धा द्रव, अर्धा घन असा वागतो. हळू ओढलं तर त्याला सरकायला वेळ मिळतो. हिसका दिला तर तो कडक वागतो, पट्टी फाटते आणि चिकटा मागे राहतो.

तो चिकटा काढायला खोबरेल तेल किंवा निलगिरीचं तेल लावून दहा मिनिटं थांबावं आणि मऊ फडक्याने पुसावं. नाहीच निघाला तर थोडं टर्पेंटाइन किंवा रॉकेल, पण खिडक्या उघड्या ठेवून आणि आग लांब ठेवून. शेवटी साबणाचं पाणी. थिनर मात्र घाईने हाती घेऊ नका. तो डिंक विरघळवतो तसा रंगही विरघळवतो. कुठलंही द्रव्य आधी फ्रेमच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला थेंबभर लावून बघावं.

लॅकरखालची अक्षरं घालवायची तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून थर घासत जायचं आणि वर नवं लॅकर मारायचं. नाहीतर पूर्ण फ्रेम रंगवायची. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांवर चालते. लोखंडी फ्रेमला ते सोसतं. कार्बनची फ्रेम तिथे कधीही नेऊ नये, आणि ॲल्युमिनियमची न्यायची तर आधी जाणत्याला विचारावं. ॲल्युमिनियमला कॉस्टिक सोडाही लावायचा नाही, तो धातूच खातो.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. स्टिकर निघतो आणि त्या जागी तेच नाव गडद रंगात दिसत राहतं. उन्हाने आजूबाजूचा रंग विटलेला असतो, झाकलेला तेवढा ताजा राहतो. रबिंग कंपाउंडने तो फरक कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही.

आता आमच्या प्रांतात येऊ. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तुझा रथ म्हणजे काय? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग ‘रथ’ हे व्यवहारासाठी ठेवलेलं नाव, एवढंच उरतं. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते अवयवांहून वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो. हा वाद आपण इथे सोडवणार नाही. पण दोघांनाही मान्य होईल असं काही आहे: स्टिकर गेला म्हणून सायकल बदलत नाही.

मग बदलतं काय? माणसामाणसातला व्यवहार. साध्या फ्रेमवरचं नाव काढणं खोटं नाही, कारण कोरी फ्रेम कुठलाच दावा करत नाही. तिच्यावर महागड्या कंपनीचं नाव चिकटवून विकणं मात्र खोटं आहे. आणि एक खूण अशी आहे, की जिला हात लावायचा नाही: फ्रेम नंबर. तो बहुधा पायडलचा एक्सल जातो त्या नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो. स्टिकर सांगतो कोणी बनवली, नंबर सांगतो नेमकी कुठली. पुण्यात २०१७-१८च्या सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या होत्या. तसली एखादी, नाव खरवडून आणि नंबर घासून, स्वस्तात समोर आली तर समजावं, विकणाऱ्याची ती नाहीच.

उलट काही नावं राहू द्यावीत. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला. आसनसोलच्या सेन-रॅलेचीही आता आठवणच उरली आहे. अशा जुन्या काळ्या सायकलीवरचं नाव एकदा गेलं की पुन्हा मिळणं अवघड. काढायचंच असेल तर आधी फोटो घ्या, मापं लिहून ठेवा.

सर्वांत महत्त्वाचं शेवटी सांगतो. स्टिकर काढायचं खरं कारण सौंदर्य नाही. पुढची नळी आणि खालची तिरकी नळी जिथे जुळतात, तिथे फ्रेमवर सगळ्यात जास्त ताण येतो. तडा जातो तो बऱ्याचदा तिथेच, आणि विकणारा नवा चकचकीत स्टिकर कधी नेमका तिथेच लावतो. म्हणून सेकंडहँड सायकल घेतली की त्या सांध्याजवळचा स्टिकर पहिला काढा. उजेडात बघा, बोट फिरवा, रंगात केसासारखी रेघ किंवा गंजाची ओळ दिसते का ते पाहा. दिसली तर ती सायकल चालवू नका. नाशिक रस्त्यावर शेजारून कंटेनर जात असताना फ्रेम तुटली, तर नाव कुठलं होतं याला काही अर्थ राहत नाही.

नावाखाली काय आहे ते तपासा, एवढंच तत्त्वज्ञान आम्हाला आज सांगायचं होतं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.